पिण्याजोगं

हार्टलोला बस दिवसातून दोनदा,
म्हणून मी कौन्सिलची व्हॅन घेऊन गेले.
मागे बर्फाची पेटी, बाटल्या, हातमोजे
आणि एक फॉर्म, ज्यात ‘विहीर’ असा रकानाच नव्हता.
‘खासगी पुरवठा, इतर’वर खूण केली.

विहीर म्हणजे खरं तर झरा,
दगडी कुंडीत पडणारा, मनगटाएवढा.
डर्बीशरचा चुनखडक, त्याच्या पोटात
शिशाच्या बंद पडलेल्या खाणी.
प्लेगच्या साली या पाण्यानं गाव तगलं,
डोरीन ऑलसॉप म्हणाली, गावच्या कमिटीची चिटणीस.
“वर्षातून एकदा आम्ही सगळे पेलाभर पितो, मिस गुराव्ह.
कुणाला काही झालेलं नाही.”
यालाही रकाना नव्हता.

कोठारात वॉल्टर हॅलम चिखल तुडवत होते,
ऐंशीचे असतील, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
मधूनच मूठभर मीठ, माती तडकू नये म्हणून.
फळ्या आठवडाभर तळ्यात भिजवलेल्या.
त्यावर माती, मातीवर पाकळ्या,
खालून वर लावायच्या, कौलांसारख्या,
एकीवर दुसरीची कड,
म्हणजे पाऊस चित्रात न शिरता घरंगळून जातो.
तीस माणसं, कोपराला कोपर,
कुणीच बोलत नव्हतं.
मलाही एक पाकळी दिली कुणीतरी. निळी. मी ती उलटी लावली.

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर साती आसरा.
सात दगड, सातांना शेंदूर.
आई वाकायची, माझीही मान वाकवायची.
शेंदूर म्हणजे शिसंच,
हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं.
फोनवर सांगितलं तर म्हणाली,
मग? आसरांना ठाऊक नसेल होय?

निकाल आला: लिटरला एकतीस मायक्रोग्रॅम.
कायदा दहाशी थांबतो.

चर्चच्या हॉलमध्ये सभा, चहा, लिंबाचा केक.
कुणी म्हणालं, फिल्टरचे पैसे कोण देणार?
कुणी म्हणालं, खुर्चीत बसून नियम करणाऱ्यांचं काय जातं?
कुणी माझ्याकडे बघून म्हणालं, बाहेरच्यांना नाही कळायचं.
पोटाशी बाळ बांधलेल्या एकीनं एवढंच विचारलं,
याला किती चालेल?
मी म्हटलं, थोडंही नाही.
कपातले चमचे थांबले.

मग पाटीचा विषय. पिवळा पत्रा, लाल अक्षरं.
वॉल्टर पहिल्यांदाच बोलले:
“माझ्या विहिरीवर पत्रा नको.
शब्द सांगा, मी लावतो.”
आणि त्यांनी लावले, चित्राच्या खाली,
ऑल्डरच्या काळ्या बोंडांनी, एकेक अक्षर:
हे पाणी पिण्याजोगं नाही.
शेवटी बोंडं संपली. ‘नाही’ तेवढं
सूर्यफुलाच्या बियांनी भरलं.

पाद्रीबुवांनी मंत्र म्हटले, बँड वाजला.
लोकांनी पेले भरले, ओठांपर्यंत नेले,
आणि कुंडीतच ओतले परत.
डोरीननं मात्र एक घोट घेतला. मी पाहिलं.
तिनंही पाहिलं, मी पाहिलं ते.

तिसऱ्या दिवशी तिचाच फोन.
हसतेय की रडतेय, कळेना.
पाखरांनी ‘नाही’ टिपून खाल्लं होतं.
बाकी सगळं जागच्या जागी:
हे पाणी पिण्याजोगं.

शनिवारी गेले, माझ्याच गाडीनं,
लॅबमधला चिमटा
आणि स्वयंपाकघरातली मोहरीची बरणी घेऊन.
इंग्रजीत तीनच अक्षरं, तरी पाऊण तास लागला.
बारीक पाऊस. वॉल्टर छत्री धरून उभे.
मीठ मातीत आधीपासून होतंच.

ते म्हणाले, पाखरं हेही खातील.
म्हटलं, खातील.
मंगळवारी येते परत.